बंद पुस्तकातले शेवट

फोन आला तेव्हा मी शंकर नगरातल्या आमच्या ऑफिसात होते, जेवणाचा डबा नुकताच उघडला होता. पंडरीच्या कापडबाजारातल्या ज्या साडीच्या दुकानात माझा मामा आयुष्यभर गादीवर बसून साड्या दाखवत आला, त्या दुकानाचे सेठजी बोलत होते. "दीदी, आप जल्दी आ जाइए, मामाजी बैठे-बैठे लुढ़क गए," एवढंच म्हणाले, आणि उरलेलं मला त्यांच्या आवाजावरून कळलं. गिऱ्हाइकासमोर एक साडी अर्धी उलगडलेली होती म्हणे. पदर दाखवायचा राहून गेला... दवाखान्यातून घराकडे येताना माझ्या मनात एकच धास्ती होती, आईला कसं सांगायचं. वसंतमामा तिचा मोठा भाऊ, एकुलता एक. पण सांगावं लागलं नाही. ती दारातच उभी होती, माझं तोंड पाहून मटकन खाली बसली. रडली, पुष्कळ रडली. संध्याकाळी माणसं जमल्यावर कुणीतरी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, तेव्हा ती माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "मीनू, पुस्तक अर्धंच राहिलं वं."

बसलेल्यांना वाटलं, बाई दुःखात काहीतरी बोलून राहिली. मला मात्र नीट कळलं. त्या पुस्तकाचा शेवट आता मलाच सांगावा लागणार होता, आणि आमच्या घरात शेवट सांगणं ही कधीच साधी गोष्ट नव्हती.

मामाची सुट्टी रविवारची. दुपारी जेवण झालं की तो त्याच्या खोलीतून, दोन गल्ल्या पलीकडून, बगलेत पुस्तक घेऊन यायचा. बाबा होते तेव्हा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर असायचे, म्हणजे घरात आई, मी आणि कूलरचा आवाज. खिडकीजवळची लोखंडी घडीची खुर्ची मामाची. आई खाली सुपात तांदूळ घेऊन बसायची. ती चौथी शिकलेली, पेपरातले मथळे वाचते, पण जाड पुस्तक तिच्यानं होत नाही. मामा बारावी. तेवढ्या शिक्षणावर त्यानं आमच्या मराठी मंडळाच्या लायब्ररीतलं रहस्यकथांचं कपाट संपवलं होतं. पूर्वी साध्या खुनाच्या गोष्टी असत. नंतर ती नवी, जाडजूड, भाषांतरित पुस्तकं यायला लागली, ज्यांत खून कमी आणि घराणं जास्त. एखादी बाई असते, तिला लहानपणचं काही आठवत नाही, घरातले सगळे काहीतरी लपवून राहिलेले, माळ्यावरची एक खोली बंद... मामाला असली पुस्तकं फार आवडत. आणि आईला त्याहून जास्त.

तो वाचायचा म्हणजे अर्धं वाचायचा, अर्धं सांगायचा. साडी दाखवतात तसंच. आधी घडी नुसती समोर ठेवायची, मग एक पट्टा उलगडायचा, गिऱ्हाईक पुढं सरकलं की थांबायचं. परदेशी नावं त्याला चालत नसत. मार्गारेट आली की ती मंगला व्हायची, तिची सासू गिरजाबाई, आणि ते बर्फाचं गाव "आपल्या भिलाईसारखं समज, फक्त थंडी जास्त" असं असायचं. सुपातले आईचे हात थांबले की गोष्ट रंगात आली हे मला कळायचं. "अस्सं? मंग त्या बंद खोलीत कोन होतं?" आई विचारायची. "चहा ठेव, सांगतो," मामा म्हणायचा.

चहा झाला की शेवटचं प्रकरण. आणि इथं त्याची एक सवय होती. शेवटच्या प्रकरणाला तो पुस्तक बंद करायचा, मांडीखाली ठेवायचा आणि तोंडी सांगायचा. लहानपणी मला वाटायचं, काय हुशार मामा आहे, शेवट पाठ असतो ह्याला. त्या शेवटांत गुन्हेगार ठरलेला असे. भाडेकरू. कधी डॉक्टर निघे, एखादवेळ वकील, पण बहुतेक करून वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. घरातलं माणूस कधीच नाही. आई सुटकेचा श्वास सोडायची आणि सूप पुन्हा हलायला लागायचं. एकदा मात्र ती म्हणाली, "काहून हो भाऊ, नेहमी भाडेकरूच कसा? आम्ही बी त भाडेकरूच आहो न!" मामा अडला नाही. "तुम्ही किराया टायमावर देता. टायमावर किराया देनारा खून नाही करत." आई खळखळून हसली होती. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं तेव्हा मी मात्र कितीतरी दिवस त्या गरीब माणसाला पाहून दार लावून घेत होते.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी हळू आवाजात सांगत नाही. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी अक्षर मला अडखळत वाचता यायचं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी हट्टानं मंडळाच्या लायब्ररीची मेंबर झाले आणि आयुष्यातलं पहिलं अख्खं मराठी पुस्तक घेतलं ते मामानं सांगितलेलंच, म्हणजे अडलं तर कळेल. शेवटच्या प्रकरणाला मी थांबले. परत वाचलं. त्या पुस्तकात भाडेकरूच नव्हता. हरवलेल्या मुलाचा दोष त्याच्या आईकडे जात होता. मी दुसरं पुस्तक आणलं, मग तिसरं. कुठं आई, कुठं आजी, कुठं सख्खी बहीण... सगळी पापं घरातलीच, आणि मामानं सगळी नेऊन भाडेकरूच्या माथी मारलेली.

मला हसूच आलं आधी. मी थेट पंडरीला गेले, दुकानासमोरच्या टपरीवर त्याला चहाला बोलावलं. म्हटलं, "मामा, सगळे शेवट चुकीचे सांगून राहिले होते तुम्ही." त्यानं बशीत चहा ओतला, प्यायला नाही. इकडंतिकडं पाहिलं. म्हणाला, "पोट्टी शिकली म्हणायची." मग आईचं नाव घेऊन, "शकूले सांगितलं त नाही न?"

मी नाही म्हटल्यावर त्यानं सांगितलं. माझ्या जन्माआधी आईला एक मुलगा होता, राजू. तापानं गेला, एवढंच मला ठाऊक होतं, घरात तेवढंच बोलायचं असे. "तापानं नाही गेला. तलावात गेला. शकू घाटावर कपडे धुऊन राहिली होती, पोट्टं मागं खेळत होतं. तिनं चादर पिळाले पाठ फिरवली. एक चादर पिळाले जेवढा टाइम लागते, तेवढाच..." मामा तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून वर्ध्याकडून आला होता, आणि आई कुणाशी बोलतच नव्हती. जेवण दिलं तर जेवायची, नाहीतर नाही. काय करावं सुचेना म्हणून त्यानं घरात पडलेलं एक पुस्तक घेतलं आणि तिच्यासमोर बसून मोठ्यानं वाचायला लागला. रहस्यकथाच होती. काही दिवसांनी ती म्हणाली, मग पुढं काय झालं? पहिला शब्द तो. शेवटाला आला तेव्हा त्याची नजर ओळीच्या पुढं पळाली आणि त्यानं पाहिलं, दोषी आई होती. त्यानं पुस्तक बंद केलं. मांडीखाली घातलं. पहिला भाडेकरू तेव्हा जन्माला आला. मामा परत गेला नाही. इथंच नोकरी धरली, खोली घेतली, लग्न राहून गेलं.

मी नवी नवी शिकलेली. म्हटलं, "मग असली पुस्तकं आणता काहून? देवादिकांची आणा, विनोदी आणा." "आनून पाह्यली. झोपते ती. तिले हेच ऐकाचं असते, पोरगं हरवलं, कोनं केलं. फक्त शेवटाले तिचं नाव नाही निंघाले पाहिजे." मी हरले नव्हते. ह्याच पुस्तकांत तर लिहिलेलं असतं, झाकलेलं मनात कुजतं, बोलल्याशिवाय माणूस मोकळं होत नाही, असं मी त्याला ऐकवलं. त्यावर तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाला, "पुस्तकातली बाई पुस्तक संपलं की संपते, मीनू. शकूले सोमवारी सैपाक कराचा असते." आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन साड्यांकडे निघून गेला.

तेव्हापासून मी गप्प. रविवारी भाडेकरू पकडला गेला की मामा हळूच माझ्याकडे पाहायचा आणि मी म्हणायचे, "वाटलंच होतं मले!"

हे शेवटचं पुस्तक खुर्चीवरच राहिलं होतं. तेरावं झाल्यावर मी ते घेऊन बसले. खूण म्हणून आत साडीच्या काठाचं एक कात्रण होतं, तो नेहमी तेच वापरायचा, आणि ते शेवटच्या प्रकरणात होतं. म्हणजे त्यानं शेवट आधीच वाचून ठेवला होता. काय करावं ह्या विचारात असणार. त्यातल्या मंगलाची लहान मुलगी नाहीशी होते, घरचे तिला सांगतात की कुणीतरी पळवली, आणि शेवटी मंगलाला आठवतं. बागेचं फाटक तिनंच उघडं टाकलं होतं, तिचा डोळा लागला होता, आणि फाटकाबाहेर तळं होतं... तळंच. इतकी पुस्तकं जगात, आणि मामा हेच मागं ठेवून गेला. मी आठवडाभर शेवट रचत राहिले. पुस्तकातल्या घरात भाडेकरू नव्हता, म्हणून मी गॅरेजवर एक बसवला. त्याला लंगडा केला, रात्रीचा शिट्टी वाजवणारा केला. मामाला आवडला असता.

रविवार आला. आई सूप घेऊन खाली बसली. मी त्या खुर्चीत बसले नाही, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि आईचं ऐकायचं राहिलं होतं तिथून वाचायला लागले. माझं वाचणं मामासारखं नाही, सरळ आहे. चहा झाला. शेवटचं प्रकरण आलं, मी पुस्तक बंद केलं आणि मांडीखाली सरकवलं.

"उघड ते," आई म्हणाली.

मी पुस्तक तसंच मांडीखाली दाबून धरलं.

"भाऊचं पुस्तक बंद झालं की मले समजे. खरं निंघून राहिलं म्हनून बंद झालं."

"इतकी वर्षं? मग कधी बोलली काहून नाही?"

"तो एवढ्या मेहनतीनं रचे. त्याले वाटे, त्याले जमून राहिलं. मी काहून मोडू?" तिनं सूप बाजूला ठेवलं, तांदूळ तसेच. "त्याच्यानं खरं वाचनं होत नव्हतं. तू शिकलेली हायेस न? वाच."

मी वाचलं. फाटक वाचलं, डोळा लागलेला वाचला, तळं वाचलं. शेवटच्या पानावर मंगलाला सगळं आठवलेलं असतं, माणसं एकेक करून निघून गेलेली असतात, आणि ती रिकाम्या स्वयंपाकघरात बसलेली असते. टेबलावर फोन असतो. ती तो उचलते आणि कुणाला लावावा हे न सुचून परत ठेवते. बस, संपलं पुस्तक.

कूलरचं पाणी संपत आलं होतं, तो घरघरत होता. आई म्हणाली, "ह्या बाईले भाऊ नव्हता वाटते."

आणि त्यानंतर, खिडकीकडं पाहत, तिनं सुरू केलं, "राजू तापानं नाही गेला, मीनू..." मला सगळं ठाऊक होतं. तरी मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत राहिले. चादर हिरव्या चौकड्यांची होती, हे मामानं सांगितलं नव्हतं. राजूला तिळाची चिक्की आवडायची, हेही नाही. ती सांगत गेली, रडली, नाक पुसलं, आणि सूप परत मांडीवर ओढून म्हणाली, "तांदूळ राहिले."

सोमवारी तिनं सैपाक केला. वांग्याची भाजी होती, मीठ जरा जास्त पडलं होतं.

गेल्या आठवड्यात मी लायब्ररीतून नवीन पुस्तक आणलं. काठाचं कात्रण त्यातच घातलं. घडीची खुर्ची खिडकीजवळच आहे, तिच्यावर आम्ही कुणी बसत नाही, पण चहाची कपबशी ठेवायला ती बरी पडते. शेवटचं प्रकरण मी उघड्या पुस्तकातून वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. ह्या वेळी दोषी आजी निघाली. आईनं मान हलवली, जरा विचार केला आणि म्हणाली, "बरं, हे झालं पुस्तकाचं. आता बंद कर."

मी बंद केलं. मांडीखाली ठेवलं.

"वरच्या मजल्यावर कोन राहत होतं?" आईनं विचारलं, आणि आम्ही दोघी मिळून भाडेकरूला शोधायला लागलो.