केसाएवढ्या रेघा

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई उभी होती. सकाळी दूध आणायला गेलेले तिचे वडील अजून परतले नव्हते. "पत्रकाला लांबून दिसेल असं ठळक अक्षर घ्या," ती दुकानदाराला म्हणाली. त्याने लग्नपत्रिकेचं ऐटबाज अक्षर निवडलं. उभ्या रेघा खांबासारख्या जाड, त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या. प्रतींवर नेमक्या त्या बारीक रेघाच उडाल्या. 'हरवले आहेत'चे नुसते काळे तुकडे उरले. मला दुकानदाराचा राग आला. पण बारीक रेघांकडे मी तरी कधी पाहिलं होतं? रोज सकाळी कुणीतरी दूध आणतं, तीही अशीच एक रेघ.

"पुन्हा काढू का?" दुकानदाराने विचारलं.

"नको, वेळ जाईल." तिने पेन काढून तुकडे जोडायला घेतले. मीही पेन उघडलं.

"बाकीचं तुम्ही जोडा," ती म्हणाली, "बाबांचं नाव मी जोडते."