नारिंगी वाटेचा केक

सोलांज तीस वर्षं दगडांच्या पायथ्याशी उभी होती. दर रविवारी फ्रान्समधल्या मिली गावाजवळच्या रानात तिचा नवरा आर्मां आणि त्याची मित्रमंडळी दोराशिवाय दगडांवर चढायची. ही खाली दोन्ही हात वर करून उभी. चढणारा निसटलाच तर त्याची पाठ सावरायला. त्याआधी बूट पुसायला पायपुसणं अंथरायचं, कारण तळव्याला चिकटलेली वाळू दगड झिजवते. दगडांवर रंगीत बाण काढलेले असत आणि एका रंगाच्या बाणांची एक वाट होई. कुणी एखादी वाट एकही दगड न सोडता पहिल्यांदा पुरी केली, की शेवटच्या दगडाखाली केक कापायचा. तो केकही हिनेच करायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केलेली बाई. लोणी घालताना हात आखडता घेत नसे.

तिला चढायला कुणी मनाई केली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

मग आर्मांच्या खुब्याचा सांधा बदलला आणि रानातली घडीची खुर्ची त्याच्या वाट्याला आली. रुसलेल्या पोरासारखा तो तिथून सगळ्यांच्या चुका काढत बसे. ते ऐकून कंटाळलेली सोलांज एके दिवशी उठली आणि मुलांच्या पांढऱ्या वाटेवरच्या, स्वतःच्या खांद्याएवढ्या दगडावर जाऊन उभी राहिली. चढली खरी, पण उतरायचं कुठून हे बघितलंच नव्हतं. शेवटी बसून, घसरत, पँट मागून खरवडून घेत खाली आली.

"आधी उतरायची जागा बघायची असते," खुर्चीतून आवाज आला.

"पंचवीस वेळा ऐकलंय ते. तू दुसऱ्यांना सांगत असताना," ती पँट झटकत म्हणाली.

पण ऐकणं वेगळं. ती हातांनी स्वतःला वर ओढायला जाई आणि दुसऱ्या दिवशी तिला भांडी वरच्या फळीवर ठेवता येत नसत. हळूहळू उमगलं, की भार पायांवर टाकायचा, हात नुसते टेकवायचे. मग ती बटाटे सोलताना एका पायावर उभी राहू लागली. बोटं घसरू नयेत म्हणून लावायची राळ आर्मांच्या पुरचुंडीतून अर्धी तिच्या पुरचुंडीत गेली. पांढरी वाट झाली, पिवळी झाली. नारिंगी वाटेला मात्र दोन हिवाळे गेले आणि शेवटी एकच दगड उरला. माथा पावासारखा गोल, आणि मध्यावर कानाच्या पाळीएवढा एक पातळ पापुद्रा. त्याला बोटं लावल्याशिवाय वर जायचं नाही.

एका रविवारी तिचा हात माथ्याच्या कडेला लागला आणि ती घसरून खाली आली. "पुढच्या रविवारी केक," मंडळीतला सगळ्यात म्हातारा लुसियाँ म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं. "पण करणार कोण?"

स्वतःचा केक स्वतः करायचा नाही, असं सोलांजने मनाशी ठरवलं होतं.

शनिवारी रात्री पाऊस पडला. सकाळी ऊन होतं, वारा होता, दगड वरून कोरडा ठणठणीत दिसत होता. आर्मां खुर्चीत बसला आणि मांडीवरच्या पिशवीतून त्याने केक काढला. एका बाजूला करपलेला, मधे खचलेला. त्याच्या मनगटावर भाजल्याचा लाल डाग होता. म्हणून काल त्याने तिला बहिणीकडे पिटाळलं होतं तर.

सोलांजने पायपुसणं अंथरलं, बूट पुसले. मग वाकून दगडाच्या बुडाशी वाळूत बोट खुपसलं. बोटाला ओली वाळू चिकटून आली.

"आज नाही," ती म्हणाली. "आत ओल आहे. ओला दगड ठिसूळ असतो."

"अगं, वरून बघ की, पापडासारखा वाळलाय," लुसियाँ म्हणाला. "केक आलाय, माणसं आलीत. आता तुझं वजन ते काय?"

"तो पापुद्रा तुटला तर माझ्यामागून येणाऱ्यांनी काय धरायचं?"

"एक दिवस तरी हट्ट सोड, बाई."

तिने आर्मांकडे पाहिलं. तो केकवरचं फडकं सरळ करत होता. त्याने एवढं केलं आणि आपण केक घरी न्यायला सांगतोय, याचं तिला खरंच वाईट वाटलं. तो म्हणेल 'चढ', तर काय करायचं, हेही तिला सुचेना.

"ती नाही म्हणतेय ना," आर्मां म्हणाला. "लुसियाँ, खुर्चीची घडी घाल."

तो आठवडा कोरडा गेला. रविवारी वाळू बोटांतून पिठासारखी गळली. सोलांजने बूट पुसले आणि वळून पाहिलं, तर आर्मां खुर्चीत नव्हता. काठी झाडाला टेकवून तो तिच्या मागे दोन्ही हात वर करून उभा होता.

"मी पडले तर दोघंही दवाखान्यात," ती म्हणाली.

"वर बघ."

तेवढंच बोलला. उजवा पाय, डावा पाय, काहीही नाही. तिने पापुद्र्याला बोटं लावली, पाय वर घेतला, गोल माथ्यावर पंजा पसरला आणि कण्हत, गुडघा टेकत, अजिबात न शोभणाऱ्या रीतीने वर गेली. मागच्या बाजूने, आधी बघून ठेवलेल्या जागेवरून, शांतपणे खाली आली.

केक आठ दिवसांचा झाला होता. लुसियाँने सुरी रोवली आणि दोन्ही हातांनी दाबली. सगळ्यांनी तुकडे कॉफीत बुडवून खाल्ले. आर्मां तिच्या तोंडाकडे बघत होता.

"लोणी कमी पडलंय," सोलांज म्हणाली आणि करपलेल्या बाजूचा आणखी एक तुकडा घेतला.