वाइंडिंगच्या दुकानातले मास्तर

मास्तरांकडे चुकीला शिक्षा एकच होती : तीच चूक पुन्हा वाजवायची. तंतोतंत तीच. बोट जिथे घसरलं तिथेच घसरवायचं, तार जेवढी खरखरली तेवढीच खरखरू द्यायची. ऐकायला हे सोपं वाटतं. मी कॉलेजात पंचवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलेलं. एकच चूक वर्षानुवर्षं करण्याचा मला चांगला सराव होता. पण गिटारवर ती जमेना. दुसऱ्या वेळी वेगळीच चूक व्हायची आणि तिसऱ्या वेळी नेमकं बरोबर यायचं. मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "चूक कुठं झाली ते तुमच्या बोटाला ठावं न्हाय, सर. मग बरोबर आलं तरी ते तुमचं कसं?"

उद्यमनगरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या. मास्तर त्यांतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरत. संध्याकाळी मागच्या खोलीत, व्हार्निशच्या वासात, आमचा क्लास. एका उत्साही विद्यार्थ्याने 'संगीत अकादमी' असा रंगीत फलक करून आणला होता. मास्तरांनी तो उलटा घातला आणि त्यावर मोटारी मांडल्या. लाकूड चांगलं आहे, म्हणाले.

तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात होते. मुरगूडपासून नेसरीपर्यंत एकही जत्रा त्यांनी सोडली नव्हती. नेसरीत एकदा ऐन कार्यक्रमाआधी गिटारची तार तुटली. जादा तार नव्हती, पण पिशवीत मोटारीत भरायची तांब्याची तार होती. मास्तरांनी तीच चढवली. तांबं ताणलं की लांबत जातं, हे रोज तेच काम करणाऱ्या माणसाला त्या क्षणी आठवलं नाही. गाणं सुरू झालं आणि तारेचा सूर हळूहळू उतरायला लागला. तो उतरेल तसं मास्तर बोट वर सरकवत गेले, सूर घसटत, ओढत, कसाबसा गाठत. लोकांनी तेच गाणं पुन्हा वाजवायला लावलं. हे सांगून मास्तर म्हणायचे, "पब्लिकला वाटलं कला हाय. मला वाटत हुतं, आता मार खातोय."

मोटारीत तार भरताना ते वेढे तोंडाने मोजत. मध्ये कुणी बोललं आणि मोजणी चुकली, तर अंदाजाने पुढे जायचं नाही. सगळं उसवून पहिल्यापासून. त्यामुळे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे, "पावणं, बसा. बोलू नका." गिटारलाही हाच नियम. चार महिने मी सहा सुरांचा एकच धडा घासत होतो. महिन्याभरात कलाकार करून देणारे व्हिडिओ पाहणारी मुलं आठवड्यात पळून जात. मी वयामुळे पळालो नाही. एकदा धीर करून विचारलं, की माझ्यात उपजत देणगी आहे का. मास्तर म्हणाले, "देणगी देवळात देतात, सर. हितं येळ द्यायचा."

वस्तीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला वंदनेनंतर ते एकटे वाजवत. तीस-एक वर्षांत खंड नव्हता. एका वर्षी पौर्णिमेला तीन महिने उरले असताना त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. चालणं-बोलणं परतलं, डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी ही दोन बोटं मात्र परतली नाहीत. दुसऱ्या कुणाची असावीत तशी ती तळहाताला चिकटून राहिली. मास्तरांनी क्लास बंद केला आणि गिटार कपाटावर टाकली. पौर्णिमेला लोकांना काय सांगू, असं मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, विचारलं, तर म्हणाले, "सांग, औंदा बसून ऐकणार हाय."

मी तरीही दुकानात जाऊन बसत असे. त्यांची मुलगी तार भरायची, मास्तर वेढे मोजायचे. एके दिवशी राधानगरीकडचा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला. तीन फेजची मोटार, पण वीज दोनच फेजवर येत होती. याने तिसऱ्या फेजच्या जागी कंडेन्सर जोडून तशीच चालवली. मास्तरांनी दर उन्हाळ्यातलं भाषण दिलं : दोन फेजवर मोटार जळतेच, किती वेळा सांगायचं. गड्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"जळली खरी, मास्तर," तो म्हणाला. "पर ऊस जगला की."

मास्तर वेढे मोजायचे विसरले, आणि मुलीला सगळं उसवावं लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला स्टुलावर चढून गिटार काढायला सांगितली.

दोन बोटांनी जुनं काही वाजेना. तेव्हा त्यांनी तारा सैल करून अशा लावल्या, की काही न दाबता छेडलं तरी एक भरलेला मेळ उठावा. मग उरलेल्या दोन बोटांनी त्यावर काय करता येतं ते शोधत बसले. मास्तरांना चुकताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते चुकत, थांबत आणि तीच चूक पुन्हा वाजवत. त्यांना ती पहिल्याच फेरीत जमे.

पौर्णिमेला एका पुढाऱ्याने त्यांना 'गिटारसम्राट' ठरवलं आणि शाल घातली. वाजवण्यापेक्षा भाषण लांबलं. मग मास्तरांनी शाल बाजूला ठेवून वाजवायला घेतलं. सूर थोडे होते, मधल्या जागा मोठ्या होत्या, आणि त्या जागांत मोकळ्या तारा वाजत राहत होत्या. मागे बोलत बसलेल्या बाया गप्प झाल्या. काकू सगळा वेळ त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. संपल्यावर "झालं बाई एकदाचं," एवढंच म्हणाल्या आणि खिरीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून क्लास पुन्हा सुरू झाला. मी ती रचना शिकायचं ठरवलं. तारा तशाच लावल्या, एकेक सूर लिहून घेतला. सगळं जागेवर होतं, तरी ते काही त्यांच्यासारखं वाजेना. मधल्या जागा भरून जात. महिनाभराने तक्रार घेऊन गेलो. मास्तरांनी ऐकलं. कान माझ्याकडे होते, डोळे माझ्या बोटांवर.

"तुम्हास्नी दोन बोटं जास्ती हाईत, सर," ते म्हणाले. "आधी त्यास्नी आवरा."

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. दुकान मुलगी चालवते. मी रोज सकाळी तासभर बसतो. करंगळी आता गप्प राहते. अनामिकेचं अजून काही सांगता येत नाही.