भिंतीचा जवाब

आज भिवंडीत माझ्या डोक्यावर छप्पर आहे ते आमच्या घरमालक चाचांमुळे, हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागाहून. चाचांसारखा माणूस सगळ्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही. भिंतीशी बोलणारी माणसं असतील कुठे कुठे, पण भिंतीचं उत्तर तळहातानं ऐकणारा माणूस मी हा एकच पाहिला.

मी किनवटकडची. नववीत शाळा सुटली आणि पुढे एका मैत्रिणीच्या आधाराने इथल्या भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या एका गोदामात पॅकिंगला लागले. मैत्रीण लग्न ठरून परत गेली आणि एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार होईना. जो तो विचारायचा, नवरा कुठाय, भाऊ तरी? चाचांनी एवढंच विचारलं, "जिना उतरताना पाय आपटतेस काय?" मी घाबरून नाही म्हटलं. "मंग ऱ्हा. त्या जिन्याला आदळआपट सहन होत न्हाय." आणि माळ्याची किल्ली माझ्या हातात आली.

हे घर म्हणजे जुन्या मोहल्ल्यातल्या रांगेतलं एक. सगळी घरं खांद्याला खांदा लावून उभी, वर कौलांचा एकच लांबच लांब उतार, दारांवर रंगीत काचांच्या कमानी, आणि दोन घरांच्या मध्ये एकच सामाईक भिंत, दोन हात जाड. आमची सागवानी तुळई इकडून त्या भिंतीत शिरते, शेजारच्या खालांची, म्हणजे मावशींची, तिकडून, आणि भिंतीच्या पोटात दोघी डोक्याला डोकं लावून टेकलेल्या. हे सांगताना चाचा आवाज इतका खाली आणतात की जणू आत कुणी निजलंय. "एक काढली तर दुसरी पडंल. आता सांग, शेजाऱ्याशी भांडायचं कसं?" मी कुडाच्या घरात वाढलेली. भर मे महिन्यात त्या भिंतीला पहिल्यांदा हात लावला तर गार! देवळात आल्यासारखं गप्प व्हायला झालं. तेव्हापासून मीही त्या घरात हळूच बोलते.

चाचा बाहेर पडताना चौकट थोपटतात, परत आले की खांबाला सलाम करतात. पाहुण्याला आधी जिना दाखवतात, पाणी नंतर. एकदा माझी विसरलेली किल्ली द्यायला ते गोदामावर आले. एवढा अवाढव्य पत्र्याचा डोलारा, आमचे सुपरवायझर अभिमानाने दाखवायला लागले, तर चाचा वर बघून हळहळले, "एवढं मोठं घर, आन् मधी एक खांब न्हाय? मंग माणसानं टेकायचं कुठं?" सुपरवायझर त्या दिवसापासून मला बघितलं की विचारतात, "काय, टेकायला जागा मिळाली का?"

या रांगेचा एक रिवाज आहे. रोज सकाळी इकडून भिंतीवर टकटक करायची, पलीकडून टकटक येते. म्हणजे "हाय काय?" आणि "हाय." चाचांना कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ते भिंतीवर तळवा ठेवून डोळे मिटतात आणि खालांचा जवाब हातात आला की हसतात. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी नवीन असताना चाचा खारबावला नातेवाइकांकडे गेले होते आणि सकाळी खालांनी भिंत ठोकली. मला वाटलं, माझ्या मिक्सरला वैतागल्या. मिक्सर बंद केला. पुन्हा ठोकलं. मी पंखाही बंद केला. आणखी जोरात ठोकलं, तशी मी श्वास रोखून बसून राहिले. थोड्या वेळात दारात अर्धी रांग गोळा, कोणाच्या हातात पहार, आणि पुढे हातात उलथनं घेऊन खाला. "अगं, मेलीस काय?" "नाही खाला, चटणी वाटत होते." "मंग जवाब दे ना गं बये! हितं माझा जीव गेला!"

चाचांची एकुलती मुलगी, आमची आपा, परदेशात वेल्समधल्या एका गावात नर्स आहे. तिने तिकडे जुनं घर घेतलं आणि फोनवर दाखवलं, आणि चाचा वेडेच झाले. डोंगराच्या चढावर दगडी घरांची रांग, अगदी आमच्यासारखीच खांद्याला खांदा लावून. वर काळ्या दगडाच्या पातळ पाट्यांचं छप्पर, प्रत्येक घराला धुराडं, दारावर रंगीत काच, आत नक्षीच्या फरश्या. "खाणीत राबणाऱ्यांची घरं हायत ही," चाचा मला सांगायचे, "आपल्या लूमवाल्यांसारखीच माणसं. बघ तरी, मजुराच्या दारावर पण रंगीत काच!" मग ते आपाला कामाला लावायचे. जिना चढून दाखव. धुराड्यात बघ. भिंतीवर नाणं वाजव. ती ड्युटीवरून दमून आलेली असायची. "अब्बा, मी घर घेतलंय, तपासायला इंजिनिअर नाय झाले!"

मीही ते घर डोळे विस्फारून बघायची, पण ते आवडून घ्यायची भीती वाटायची. कारण आपा दर वेळी म्हणायची, "अब्बा, आता कायमचे इकडेच या." चाचा गेले की घराला कुलूप, आणि कुलूप म्हणजे मी रस्त्यावर. त्या घराची एकेक सुंदर गोष्ट मला माझ्या माळ्यावरून एकेक पायरी खाली उतरवत होती. एखादी भिंत तरी ओली निघू दे, असं मी मनात म्हणायची.

एका रविवारी दुपारी चाचांनी विचारलं, "ह्या भिंतीच्या पल्याड कोण ऱ्हातं?"

"माहीत नाय. कोणी म्हातारी आहे वाटतं. इथं कोणी कोणाला विचारत नाय, अब्बा."

चाचांचा चेहरा उतरला. "मंग न्हाय जमायचं. जवाब न देणाऱ्या भिंतीशेजारी मला झोप लागायची न्हाय." माझ्या मनात लाडूच फुटले. पण लगेच म्हणाले, "ठोक."

"अब्बा, लोक काय म्हणतील?"

"अगं ठोक!"

तिने ठोकलं. चाचांनी सवयीने तळवा फोनवर दाबला आणि फोनच कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा ठोकायला लावलं. काही नाही. "बघा, मी सांगत होते," म्हणत आपाने फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि गॅसवरचा चहा बघायला गेली. चाचांनी फोन माझ्या कानाला लावला. "तू ऐक. माझा तळवा तिथवर पोचत न्हाय."

बराच वेळ नुसती शांतता. मग अगदी हळू, अडखळत, टक... टकटक. म्हातारीला भिंतीपर्यंत यायला वेळ लागला असणार. आपाने ऐकलं नव्हतं. चाचांना एवढं हळू ऐकू येणार नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आला काय गं जवाब?"

माझी पेटी, माझी चटई, माळ्याची ती खिडकी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"आला, चाचा. हळू आहे, पण आला."

चाचांनी आमच्या भिंतीला कपाळ टेकवलं.

जायचं ठरलं आणि त्यांची बॅग भरायला मीच लागले. माळ्याचं काय, हे विचारायचा धीर होईना. शेवटी दारावरची काच पुसता पुसता मी म्हटलं, "कुलूप नवीन आणायचं का?" चाचा भडकले. "रांगेतल्या घराला कुलूप? मंग खालाला जवाब कोण देणार, तुझा सुपरवायझर? जिला ऐकू येतं तिच्याकडंच घर ठेवायचं असतं." आणि खालच्या दाराची किल्ली माझ्या हातात ठेवून चौकट थोपटली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

आता रोज सकाळी मी ठोकते आणि तळवा ठेवते. खाला जवाब देतात, वर ओरडतात, "चटणी झाली काय गं?" तिकडे ती म्हातारी आपाकडे चहाला येते म्हणे, आणि चाचा तिला जिना दाखवतात. घर इथे तसंच गार आहे, फक्त थोडं मोठं वाटतं.

चाचा, तुम्ही कधीतरी परत याल. तेव्हा तुमचा तळवाही थकलेला असेल. तेव्हा मी या भिंतीला कान लावून उभी राहीन आणि पलीकडून जे येईल ते तुम्हाला जसंच्या तसं सांगेन. नाही आलं, तर नाही आलं म्हणून सांगेन. तुमचं एवढं तरी मी फेडीन.