चुकून वाजवलेली घंटा

डोणगावहून शेगावच्या वाटेला लागलो तेव्हा मी महाराजांशी भांडायला निघालो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमची सुमी दीड वर्षाची असताना तापाने पडली, तेव्हा बायकोने नवस बोलला होता की पोर बरी झाली तर तिला घेऊन पायी शेगावला येऊ. डोणगावच्या बाजारात माझं शिंप्याचं दुकान होतं. सुमीच्या झबल्याचं उरलेलं लाल कापड आणून त्यात मी नवसाचा नारळ बांधला आणि आढ्याला टांगला. पाचव्या दिवशी पोर गेली. नारळ तसाच लटकत राहिला. तो फोडायचं आता काही कारण नव्हतं, आणि घरात बघवत नव्हता. शेवटी ठरवलं, ज्याचा आहे त्याच्या पायरीवर न फोडता ठेवून यायचं. तुझं तुला परत, म्हणावं.

त्याहून मोठा घोर दुसरा होता. आमच्याकडे एवढ्या लहान लेकराला पुरतात, दहावं-तेरावं काही करत नाहीत. शेजारी दोन दिवस आले, तिसऱ्या दिवसापासून आपापल्या कामाला लागले. सुनेने सावरावं म्हणून माझ्या आईने सांगितलं की पोरीचं नाव आता घरात काढू नका. आईचा हेतू चांगला होता, पण बायकोने ते इतकं मनावर घेतलं की बोलणंच टाकलं. महिना झाला तरी ती ना रडली ना बोलली. भाकरी थापायची, पाणी भरायची, काही विचारलं तर मान हलवायची. घास मात्र दिवसेंदिवस कमी होत चालला. पोर तर गेलीच, आता हीसुद्धा हातची जाणार, या भीतीने माझं मशीनवर लक्ष लागेना. ज्या सकाळी मी आढ्याचा नारळ खाली काढला, त्या सकाळी ती मुकाट्याने उठली आणि अनवाणी माझ्यामागे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी, दिवस कलता कलता, तिचे पाय इतके सुजले की पाऊल टाकवेना. रस्त्यापासून थोडं आत, हरभऱ्याच्या शेतांमध्ये, इंग्रजांच्या काळातलं एक दगडी गिरजाघर होतं आणि पलीकडे पंधरा-वीस घरांची ख्रिस्ती वस्ती. तिथे राखणीला असलेल्या म्हाताऱ्या मावशीने आमचं गाव-गोत काही विचारलं नाही. रात्र इथेच काढा म्हणाली, आत सतरंजी टाकून दिली आणि आमच्यासाठी पिठलं करायला घरी गेली. आत जुन्या लाकडाचा आणि घासलेटाचा वास येत होता. समोर एक साधा लाकडी क्रूस होता, बाकी मूर्ती नाही की फूल नाही. मला तर बरंच वाटलं. ओळखीचा देव नाही, म्हणजे भांडण नाही.

मी बाहेर जाऊन हातपाय धुतले. परत आत शिरताना दाराशी लोंबणारा दोर दिसला. देवाचं नाव घ्यायचं नाही असं घरूनच ठरवून निघालो होतो, पण जन्माची सवय, हात आपोआप वर गेला. तीनदा ओढला. घंटा वर मनोऱ्यात होती, आणि आमच्या मारुतीच्या देवळातल्या घंटेसारखी ती दारातल्या दारात विरत नाही, हे मला काय ठाऊक. आवाज शेतांवरून पार लांब गेला.

थोड्याच वेळात माणसं येऊ लागली. कोणी शेतातून तसाच, विळा हातात घेऊन, कोणी कंदील लावून. बायका पिठाच्या हातांनी आल्या. मावशीही धापा टाकत आली. त्यांच्याकडे अवेळी घंटेचे तीन ठोके पडले की कोणीतरी वारलं असं समजायचं आणि चुलीवरचं टाकून यायचं, हे मला नंतर कळलं.

"कोन गेलं?" मावशीने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडून चूक कबूल करणार, तेवढ्यात मागून आवाज आला. महिनाभरात न ऐकलेला.

"माही सुमी गेली," बायको म्हणाली. "दीड वर्साची होती."

मीच घाईघाईने सांगू लागलो की पोर जाऊन महिना झाला, आम्ही परगावचे, घंटा चुकून वाजवली, सगळ्यांना उगाच धावायला लावलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"लेकरू गेलं ना?" ती म्हणाली. "मंग आमी बराबरच आलो."

आणि ती सगळी माणसं खाली बसली. बायकांनी माझ्या बायकोला मधे घेतलं. सुमी चालायला लागली होती का, कोणासारखी दिसायची, विचारत राहिल्या. माझे शिंपीखडू तोंडात घालून ती तोंड पांढरं करून घ्यायची, हे सांगता सांगता बायकोला हुंदका फुटला. मग ती ओक्साबोक्शी रडली, आणि इतके दिवस ताठ राहिलेला मीही रडलो. एका म्हाताऱ्याने त्यांच्या प्रभूजवळ सुमीचं नाव घेऊन प्रार्थना केली. टाळावर एक भजन झालं. पाच घरांतून भाकरी आली. बायको पोटभर जेवली आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

शेगावला पोचलो. नारळ ठेवायला पायरीशी वाकलो, तर बायको म्हणाली, "फोडा. तिच्या नावानं फोडा." भांडायचं म्हणून जुळवलेले शब्द मला एकही आठवेना. मी नारळ फोडला. परतताना गिरजाघरात खोबरं दिलं, मावशीने दोन्ही हातांनी घेतलं. घंटेच्या दोराचं टोक झिजून सुटलं होतं, त्याला मी ते लाल कापड गुंडाळून पक्के टाके घातले.

त्या संध्याकाळी माझ्या हातात दोर कोणी दिला, यावर मी वाद घालत नाही. ज्या रागाने मी नारळ परत करायला निघालो होतो, तो राग वाटेतच कोणीतरी हलकेच माझ्याकडून काढून घेतला, एवढं खरं. ज्यांनी तो घेतला त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. लेकरू देवाच्या स्वाधीन करायचं म्हणजे त्याला विसरायचं असं मला वाटायचं, तसं नसतं. आम्हाला पुढे मूल झालं नाही. पण डोणगावात कोणाचं तान्हं गेलं की बायको चुलीवरचं टाकून जाते, त्या आईजवळ बसते, आणि आधी लेकराचं नाव विचारते.