झगड्याचा चहा

माझा धाकटा भाऊ मिलिंद घराच्या पायरीवर घसरून पडला आणि गेला, असं मी महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या पाहुण्यांनाही तेच सांगितलं. ते खोटं निघालं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

त्या रविवारी संध्याकाळी मी मलकपेठच्या बाजारात भाजी घेत होते, तेव्हा सुजाताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. "आक्का, हे उठत नाहीयेत." दुपारी तो मैदानावरून छातीवर टॉवेल घेऊन, डोकं धरूनच घरी आला होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, आपल्याच जिन्याच्या पायरीवर घसरलो, जरा पडतो. जेवला नाही. आडवा झाला तो झालाच. मी रिक्षा करून सिकंदराबादला पोचले तोवर शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं होतं. कसं लागलं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, आम्ही पायरीचं सांगितलं, आणि पोलिसांच्या जबाबातही तेच गेलं. मेंदूत रक्त साचलंय, लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. लवकर म्हणजे कधी? तो तर झोपला होता... रविवारी दुपारी झोपलेल्या माणसाला कोण उठवतं? दोन रात्री त्यानं काढल्या, शुद्धीवर काही आला नाही.

आमचे वडील नांदेडकडून नोकरीसाठी इकडे आले आणि आम्ही नामपल्लीच्या गल्लीत वाढलो. घरात मराठी, दारात दखनी, शाळेत तेलुगू. मिलिंद मात्र चौथीच भाषा शिकला, कबड्डीची. गल्लीमागच्या मातीत हा पोरगा लंगोटाएवढी चड्डी घालून चढाईला जायचा आणि अंगभर खरचटून यायचा. आई हळद लावता लावता बडबडायची. पुढे रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, गुडघे गेले, पण मैदान काही सुटलं नाही. खेळता येईना तेव्हा तो पंच झाला. दर रविवारी सकाळी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून स्कूटरवर बसायचा. लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा अगदी.

हौशी क्लबांची कबड्डी तुम्ही पाहिली असेल-नसेल. टीव्हीवर दिसते तशी गादी तिथं नसते. माती असते, मातीत खडे असतात, रेषेला लागून लोखंडी रोलर पडलेला असतो, कारण तो हलवायला कोणाला वेळ नसतो. मलमपट्टीची पेटी नाही, डॉक्टर नाही, बर्फ लागला तर उसाच्या गाडीवरून. एकाचे दात पडले, एकाचं खांद्याचं हाड मोडलं. एकाच्या कानशिलात अशी बसली की त्याला त्या कानानं आजतागायत ऐकू येत नाही. आणि या सगळ्यावर त्यांचं एकच औषध होतं, झगड्याचा चहा.

ही त्या मैदानाची जुनी रीत. खेळात मारामारी झाली की पंच शिट्टी वाजवून सामना थांबवायचा आणि कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलातून एक चहा मागवायचा. एकच. तो दोघांनी मिळून प्यायचा. ज्यानं मार खाल्ला तो कपातून, ज्यानं मारलं तो बशीतून. कप रिकामा झाला की बात खतम. त्यानंतर त्या मारामारीबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. मैदानावर नाही, पोलिसात नाही, घरी बायकोलासुद्धा नाही. मिलिंद पंच झाल्यापासून तर या रीतीचा पुजारीच बनला होता. एकदा दोन पैलवानी पोरं चहाला तोंड लावीनात, तर हा दोघांच्या मधे मातीत मांडी घालून बसला. चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला. घरी सुजाताची भाकरी वाळून गेली, पण पोरांनी चहा प्यायल्यावरच तो उठला. हा किस्सा तो इतका रंगवून सांगायचा की मलाही हसू यायचं.

हसू यायचं तसा रागही यायचा. माझी जीभ काही गोड नाही. मी म्हणायचे, अरे हौल्या, येडपटा, डोकं फुटल्यावर चहा पाजतोस, टाके कोण घालणार, तुझा इराणी? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "आक्का, केस झाली की पोराची नोकरी जाते. चहानं आजवर कुणाची नोकरी गेली नाही." नोकरी म्हणजे काय हे आमच्या घरात कुणी शिकवायची गरज नव्हती. वडिलांच्या एका नोकरीवर गावाकडची तीन घरं वर आली होती.

तो गेल्यावर मी सुजाताकडेच राहिले. त्यांना एकच मुलगी, प्रेरणा, दहावीत आहे. बापासारखी हसरी पोर. ती बोलायचीच बंद झाली. जेवायला बसायची आणि उठून जायची. आधी वाटलं, दुःख आहे, निवळेल. मग एका सकाळी पाहिलं तर ती जिन्यावर बसून कोरड्या फडक्यानं कोरड्याच पायऱ्या पुसत होती. खालून वरपर्यंत, पुन्हा वरून खालपर्यंत. मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, त्या दिवशी मीच पायऱ्या धुतल्या होत्या. साबण राहिला होता. बाबा माझ्यामुळे पडले."

महिनाभर ही पोर पोटात हे घेऊन फिरत होती, आणि आम्ही तिच्यासमोर एकेका पाहुण्याला पायरीची गोष्ट ऐकवत होतो. मी तिला जवळ घेतलं, खूप समजावलं, अगं अपघात असतो, तुझा काय दोष. पण समजावण्यानं असलं काही जातं का?

मिलिंदचा शेवटचा शर्ट दवाखान्यातून पिशवीत घालून दिला होता. सुजाताला तो उघडवेना. त्याच दुपारी मी काढला. वरची बटणं नव्हती. नुसती बटणं तुटली असती तर एक वेळ समजू शकले असते, पण काजांची पट्टी खाली पोटापर्यंत फाटली होती, आणि छातीवर चहाचा हा मोठा डाग. पायरीवर घसरलेल्या माणसाची गचांडी कोण धरतं?

रविवारी मी थेट मैदानावर गेले. क्लबचा सेक्रेटरी यादगिरी, मिलिंदचा जुना जोडीदार, मला बघून उठून उभा राहिला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी शर्ट त्याच्या पुढ्यात टाकला आणि विचारलं, कुणी फाडला. त्यानं शर्ट उचलून फाटकी पट्टी बोटांनी सारखी केली. मग हळूच म्हणाला, "आक्का, चाय हो गई थी."

मला सगळं कळलं. पुढचं मी त्याच्याकडून ओढून ओढून काढलं. नरेश नावाचा पोरगा, औषधांच्या कंपनीत नवीन लागलेला, चढाईत बाद दिला म्हणून पंचाच्या अंगावर धावून गेला. कॉलर धरून ढकललं. मिलिंद मागे रोलरवर पडला, डोक्यावर. थोडा वेळ डोळे उघडले नाहीत. तोंडावर पाणी मारलं तेव्हा उठून बसला, आणि बसल्या बसल्या पहिलं काय म्हणाला असेल? चहा मागवा! हॉटेलात रविवारची गर्दी, चहा यायला उशीर झाला. तोवर त्याला एकदा ओकारी झाली. पित्त असेल म्हणाले. चहा आला तर त्याच्या हातात कप धरवेना, अंगावर सांडला, आणि सगळे हसले. मिलिंदभाईपण हसले, असं यादगिरी मला सांगत होता. मग तो स्कूटरला किक मारून घरी गेला. समोर माणूस मरत होता आणि ही मंडळी दिलजमाई करत होती... आणि माझा भाऊ त्यात सगळ्यांत पुढे. नरेशचा राग आला, यादगिरीचा आला, पण खरं सांगते, सगळ्यांत जास्त मिलिंदचा आला. मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं.

यादगिरी हात जोडून म्हणत होता, हा मिलिंदभाईंचाच उसूल होता, मी कसा मोडू. मी म्हटलं, उसूल गेला खड्ड्यात. त्या पोराला घेऊन उद्या घरी ये. केसचं नंतर बघू, आधी माझ्या भाचीला तोंडानं सांगू दे.

आले दोघं. नरेश दारातच उभा राहिला, वाळून कोळ झाला होता. त्यालाही झोप नसणार, दिसतच होतं. प्रेरणाला समोर बसवलं. तो खाली बघत म्हणाला, "मैंने धक्का दिया. तेरे डैडी सीढ़ी पे नहीं गिरे." यादगिरीनं नरेशच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय, म्हणाला, "भाभी, एक चाय बना देते तो..."

"या घरात तो चहा होणार नाही," सुजाता म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. आत जाऊन चपला घालून आली आणि नरेशला म्हणाली, चल, जबाब बदलायचाय. तो चटकन निघाला. कुणीतरी असं म्हणावं याची वाटच बघत असल्यासारखा.

जबाब बदलला. पुढं काय होईल ते वकील जाणे. नरेशची नोकरी बहुतेक जाईल, त्याची आई मला रोज फोन करून रडते, आणि मी फोन उचलते. क्लबातले जुने लोक रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात. सगळे म्हणतात मिलिंद भला माणूस होता. होताच. दुसऱ्याच्या पोराची भाकर जाऊ नये म्हणून मरता मरता खोटं बोलला. आपल्या लेकीनं तासापूर्वी पायऱ्या धुतल्यात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मला वाटलं होतं, खरं कळलं की प्रेरणा मोकळी होईल. त्या दिवशी नरेश उंबऱ्याबाहेर पडत होता तेव्हा तिनं त्याला हाक मारून थांबवलं. महिनाभरात पहिल्यांदा तिचा आवाज स्पष्ट निघाला.

"बाबांनी तुम्हाला वाचवलं," ती म्हणाली. "आणि मला?"