वड्याशेजारचा नट

चाकणला जाणारी आमची कंपनीची बस चिंचवडला जिथे थांबते, तिथे एक वडापावची गाडी आहे. त्या गाडीवर रोज सकाळी एक काका दिसायचे. दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा गणवेश, पॉलिश केलेले बूट. नाव मी कधी विचारलं नाही.

वडा हातात आला तरी ते लगेच खायचे नाहीत. खिशातून एक चकचकीत नट काढायचे, कागदावर वड्याशेजारी ठेवायचे आणि एक डोळा मिटून मोबाइलवर फोटो घ्यायचे. मग नट पुसून खिशात आणि वडा तोंडात. ऑडिटसाठी खराब पार्टचा फोटो काढताना आकार कळावा म्हणून शेजारी नट ठेवायची आमच्याकडे पद्धतच आहे. पण वड्याला?

गाडीवाल्यानं एकदा विचारलंच, "काका, ह्ये कशापायी?"

"काही नाही, रेकॉर्डला असावं."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचाच वडा वाढीला लागला. शेंगदाण्याची चटणीही न मागता मिळू लागली.

न राहवून मी म्हटलं, "काका, जुने फोटो दाखवा की. किती फरक पडलाय बघू."

त्यांनी गाडीकडे पाठ केली आणि फोन माझ्यापुढे धरला. कॅमेरा उघडला होता, पण पडद्यावर नुसता काळोख.

"कॅमेरा कधीच गेलाय, राव," ते हळूच म्हणाले. "तुमच्या कंपनीत तरी ऑडिटचे फोटो कोण उघडून बघतं?"

मी ऑडिटलाच आहे. वडा उचलून खाल्ला. चांगला मोठा होता.